गणपतीपर्यंत होतला!

बांधकामाच्या धंद्यात उतरायचं ठरवलंत, उत्तम केलंत. कोकणात या धंद्याला मरण नाही. मुंबईत हयात काढलेला चाकरमानी कधी ना कधी गावी घर बांधायला काढतोच, आणि ते त्याला गणपतीपर्यंत हवं असतं. कुठल्या सालच्या, हे तो सांगत नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही. 'गणपतीपर्यंत होतला!' एवढं वाक्य पाठ करा, निम्मा धंदा आला. दिवाळीनंतर पाया खणला, मार्चमध्ये चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची गाडी आली नाही, मेमध्ये गवंडी लग्नाला गेला तो आलाच नाही, जूनमध्ये मृग लागला, की तेच वाक्य नव्याने म्हणता येतं.

शिकण्याच्या फंदात पडू नका. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा 1 वर्षाचा कोर्स असतो. तिथे नकाशा वाचायला शिकवतात, आणि ज्याला नकाशा वाचता येतो त्याला तो पाळावाही लागतो. त्यापेक्षा बिगारी म्हणून लागा. आठ दिवस घमेली उचला, नवव्या दिवशी मिस्त्री जेवायला बसला की त्याची थापी हातात घ्या. महिन्याने कार्ड छापा: 'सर्व प्रकारची बांधकामे, प्लंबिंग, वायरिंग, वास्तुसल्ला'.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसुद्धा करू नका. वय 18 ते 60 मधलं आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला, एवढंच लागतं. पण दाखला मागायला गेलात तर ठेकेदाराला तुमचं नाव लक्षात राहील. त्याच्या वहीत तुम्ही 'गडी 4' मधले एक असणंच बरं.

आता हत्यारं. भिंत उभी सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा समुद्राच्या वाऱ्यावर झुलत राहतो. जुने गवंडी त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडतं ठेवतात, मग तो झटक्यात स्थिर होतो. तुम्ही बादली शोधायला जाऊ नका, डोळा मिटून एका डोळ्याने अंदाज घ्या. लेव्हलच्या पाणी भरलेल्या नळीत बुडबुडा राहिला तर दोन टोकांचं पाणी खोटं बोलतं, पण बोलू दे. काटकोन तपासायचा तर एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट मोजून तिरकं अंतर बरोबर 5 फूट येतं का ते पाहावं लागतं. कशाला? खोली वाकडी झालीच, तर शेवटच्या रांगेतली फरशी निमुळती कापावी लागेल. मालक तेव्हा फरशीवाल्याशी भांडेल.

चिरा उचलायला तीसेक किलो. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कडक होत जातो, म्हणून ताजा चिरा घाईने भिंतीत घालू नये म्हणतात. शिवाय लावण्याआधी तो भिजवायचा, नाहीतर सिमेंटच्या मालातलं पाणी तोच पिऊन टाकतो आणि सांध्यात नुसती भुकटी उरते. पण चिरे भिजवायला पाणी लागतं, पाण्याला माणूस लागतो, माणसाला हजेरी लागते. कोरडेच लावा. सकाळी कालवलेला माल दुपारी आवळला तर वर तांब्याभर पाणी मारून पुन्हा चालवा. वरच्या थराचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर यावा ही जुन्या लोकांची हौस. एकावर एक सरळ सांधे आले की पुढे भेग कुठून जाणार हे आधीच कळतं, शोधावी लागत नाही.

खरं करिअर घडतं ते स्लॅबच्या दिवशी. मालक नारळ फोडतो, जेवण घालतो आणि मोबाईलवर शूटिंग करत फिरतो. 500 चौरस फुटांचा 5 इंची स्लॅब म्हणजे सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 अशा मिश्रणाने 47-48 गोणी सिमेंट. 40 मध्ये उरकलात तर तुम्ही हुशार. मेहनतीने वाचवलेल्या त्या गोणी पुढच्या साइटवर न्या. पण जपून, पावसाळी हवेत त्या दगड होतात. जमिनीपासून वर फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवायला सांगतात ते यासाठीच. तुम्ही गाठी हातोड्याने फोडा आणि वापरा.

पाणी मात्र सढळ हाताने. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पाणी पुष्कळ होतं, त्यात खडी-वाळूचा ओलावाही धरायचा. किनाऱ्यावर तर आयएस 456, म्हणजे काँक्रीटचं सरकारी मानक, सिमेंटमागे पाण्याचं प्रमाण आणखी उतरवतं, 0.45, म्हणजे गोणीला साडेबावीस लिटर. पण इतक्या घट्ट मालाला हलवून बसवायला व्हायब्रेटर लागतो आणि तो भाड्याने आणावा लागतो. चाळीस लिटर ओता, माल आपोआप खिरीसारखा पसरतो, फळी मारली की गुळगुळीत दिसतो. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं. भोकांतून खारी हवा आत जाते. कोकणात हवेला कोण अडवणार?

वाळू खाडीची घ्या, जवळ पडते. न धुता वापरा. तिच्यातलं मीठ सळईला पहिल्या दिवसापासून भेटतं, वाऱ्याने मीठ आणण्याची वाट बघावी लागत नाही. क्युरिंगही, म्हणजे स्लॅब ओला ठेवण्याचं काम, किनाऱ्याजवळच्या विहिरीच्या मचूळ पाण्याने करा. म्हणजे करायचं ठरवलंत तर. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, 10 दिवस स्लॅब सतत ओला हवा. तुम्ही पहिल्या संध्याकाळी पाइप मारून फोटो काढा आणि तोच फोटो दहा दिवस रोज मुंबईला पाठवा. मेच्या उन्हात तिसऱ्या दिवशी केसासारख्या रेषा दिसल्या तर सांगा, 'सिमेंट श्वास घेतंय.'

लोखंडाची तर मजाच आहे. उघड्या किनारी हवेत सळईभोवती 45 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण धरतात, लाटांचे तुषार पोचत असतील तर 50. त्यासाठी सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला वर धरणारे ठोकळे, बांधावे लागतात. तुम्ही खडी सरकवा, नाहीतर चिऱ्याचा तुकडा, तो स्पंजासारखा पाणी पितो आणि थेट सळईला पाजतो. माल ओतताना चार माणसं जाळीवरून चालली की खडी निसटते आणि सळई सेंट्रिंगच्या, म्हणजे खालच्या साच्याच्या, प्लेटवर जाऊन झोपते. सळया बांधायच्या बाइंडिंग वायरची टोकं आत वळवायची असतात. तुम्ही ती खाली तोंड करून सोडा, छताला पहिले तपकिरी ठिपके तिथेच उमटतात. सळईचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 10 एमएमला मीटरमागे 617 ग्रॅम. हे सूत्र मालकाला मात्र सांगू नका, तो वजनकाट्याची पावती मागेल.

सेंट्रिंग भाड्याचं असतं, तेव्हा टेकू लवकर काढा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखाली किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14, आणि 6 मीटरच्या पुढच्या बीमखाली 21 दिवस टेकू ठेवायचे असतात, तेही साधं सिमेंट असेल तर. पाचव्या दिवशी काढलेत तर मधोमध थोडी झोळ पडते. पावसाचं पाणी तिथे साठतं. चाकरमान्याला सांगा, पक्ष्यांची सोय झाली.

पाचसहा पावसाळे जातील. गंजलेली सळई फुगते, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटून पडतं. बहुधा आरतीच्या वेळी पडतं, कारण तेव्हाच घरात माणसं असतात. मालकाचा फोन येईल. न घाबरता उचला. तो स्लॅबबद्दल बोलण्याआधीच तुम्ही स्लॅबवर पत्र्याची शेड सुचवा. कोकणात आता शेजारीपाजारी सगळ्यांच्या स्लॅबवर पत्रा आहेच, त्यामुळे त्यालाही पटतं. ॲडव्हान्स घ्या. पन्हळी पत्र्याला स्क्रू लाटेच्या माथ्यावर मारायचे असतात, तुम्ही तळाच्या पन्हळीत मारा, जिथून पाणी वाहतं. रबरी वॉशर विसरा. विचारलं तर सांगा, शेड गणपतीपर्यंत होतली.