कपात चहा घेऊन बघायला आलेल्यांसाठी

रात्रीचे साडेदहा वाजलेत. जून आहे, त्यामुळे इथे उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये अजून पुरता अंधार पडलेला नाही. आत सगळे घोरतायत आणि मी कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, पायरीवर बसून हे टाइप करतेय, कारण डोकं अजून तापलेलंच आहे.

आज मी आयुष्यात पहिल्यांदा कॅरॅव्हॅन रिव्हर्स घेऊन जागेवर लावली. तेराव्या प्रयत्नात. मी मोजत नव्हते, समोरच्या घडीच्या खुर्चीवर बसलेला एक गृहस्थ मोजत होता. शेवटी चाक थांबल्यावर त्याने हातातला मग उंच करून आकडा जाहीर केला आणि टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे हसले. मीपण हसले. त्या हसण्याचाच आता जास्त राग येतोय.

लीड्सहून निघालो, ए 65 रस्त्याने स्किप्टन, तिथून आत डेल्समध्ये, म्हणजे इथल्या दऱ्याखोऱ्यांत. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, समोरून ट्रॅक्टर, मागे सात मीटरची सेकंडहँड कॅरॅव्हॅन. भरून पंधराशे किलो, आमची गाडी अठराशेची. साध्या दुपदरी रस्त्यावर हे प्रकरण ओढत असाल तर ताशी 50 मैलांच्या वर जायचं नाही, त्यामुळे मागे रांग लागलेली. ते सगळं मी नीट केलं. पुढे जायला काही लागत नाही हो. खरी गंमत गवतावर पोचल्यावर.

कॅम्पसाइटवरचा रस्ता एकेरी आणि आमची जागा डाव्या हाताला. इथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे गाडी मागे नेत डावीकडे वळवायची तर शेपूट एकदा कलली की डाव्या आरशात नुसती पांढरी भिंत आणि उजव्या आरशात काहीच नाही. मागे खुंटी ठोकलेली, तिच्याजवळ मागचा कोपरा आणायचा. शेजारच्या कॅरॅव्हॅनपासून सहा मीटर सोडायचे, आगीच्या भीतीने. आणि सगळं उलट. शेपूट डावीकडे हवी तर स्टिअरिंग उजवीकडे. कळायला सोपं आहे. पण हात ऐकत नाहीत, वीस-पंचवीस वर्षांची सवय हातात असते.

चौथ्या प्रयत्नापर्यंत पाच माणसं जमली होती. एक म्हणतो डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा नुसता हात फिरवतो, जणू मी विमान उतरवतेय. नवरा मागे उभा राहून जिवाच्या आकांताने खुणा करत होता, पण अशा ठिकाणी की तो कुठल्याच आरशात दिसेना. मग मगवाले गृहस्थ उठले, माझ्या खिडकीवरून पुढे गेले आणि नवऱ्याला म्हणाले, तुम्हीच का नाही बसत? माझ्या नवऱ्याला! जो सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एकामागे एक दोन रिकामे खाने शोधतो, म्हणजे सरळ आत आणि सरळ बाहेर.

मला तिथेच आमचा हौद आठवला.

वाळवा तालुका, 1994, मी सोळा वर्षांची. उसाचा हंगाम संपलेला, ट्रॉली रिकामी. अण्णा म्हणाले, बस. दोन चाकी ट्रॉली, गोठ्याशेजारच्या छपरात मागे घ्यायची. अण्णा मडगार्डवर बसले आणि एकच गोष्ट सांगितली: "स्टिअरिंगला खालनं धर. ट्रॉलीचं बूड जिकडं न्यायचं तिकडं हात ने." बाकी काही नाही. आणि जमत होतं! पण तेवढ्यात समोरच्या पारावरची मंडळी उठून आली. आता कंबर मोडणार, आता गोठा जाणार, पोरगी लई धाडसाची. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि आखूड ट्रॉली तेवढ्या एका नजरेत काटकोनात वळते. कोपरा हौदावर बसला, विटेचा टवका उडाला. पार खदाखदा हसला.

अण्णा रागावले नाहीत. खाली उतरले, ट्रॉली स्वतः लावली, किल्ली खुंटीला अडकवली. त्यानंतर ती किल्ली माझ्या हातात कधी आली नाही. दोन वर्षांनी धाकट्या भावाच्या हातात आली. त्याने गोठ्याची भिंत दोनदा पाडली. दोनदा! तेव्हा तोच पार म्हणाला, पोरगं हात साफ करतंय.

म्हणून सांगते, नवशिका माणूस गाडी मागे घेत असेल तर तिथे उभं राहू नका. मदतीला आलो होतो म्हणू नका. मदत करणारा आधी काच खाली करायला लावतो आणि विचारतो, हवीय का?

कुणीतरी म्हणेलच, मग शिकून यायचं ना. मान्य, कोर्स असतात इथे, एका दिवसात पटांगणावर शंकू लावून शिकवतात, आम्ही तो चुकवला. कुणी म्हणेल मूव्हर बसवा, म्हणजे कॅरॅव्हॅनची चाकं फिरवणारी मोटर, रिमोटवर खेळण्यासारखी फिरते. बसवू, पैसे झाडाला लागले की. पण एक लक्षात घ्या, 1997 पासून लायसन्स काढलेल्यांना ब्रिटनमध्ये जड जोडी ओढायला वेगळी परीक्षा होती, तीत रिव्हर्स घेऊन दाखवावी लागायची. 16 डिसेंबर 2021 पासून त्या परीक्षेची अटच गेली. आता माझ्यासारखे सगळे थेट गवतावर शिकणार. चारचौघांत, मगवाल्यांच्या देखत.

बरं, लेकीने आठव्या प्रयत्नाचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पहिला रिप्लाय चुलत भावाचा: "ऊस भरलाय काय आत?" खाली अकरा हसरे चेहरे. त्यातले चार सांगलीच्या आरटीओत आठचा आकडा काढताना नापास झालेले, नावं घेत नाही.

लिहिता लिहिता जरा निवळतंय. नवऱ्याबद्दल वर जे लिहिलं ते थोडं अन्यायाचं आहे. मगवाल्याला तो म्हणाला, "गाडी तिची आहे, तिलाच विचारा," आणि मग चक्क बाजूला जाऊन पाण्याचा पिंप भरत बसला. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या म्हाताऱ्या बाई तेव्हा बाहेर आल्या, कुत्रा खांबाला बांधला, आणि माझ्या उजव्या आरशात अगदी मधोमध येऊन उभ्या राहिल्या. हात खाली. काही बोलल्या नाहीत. थांबायचं असेल तेव्हाच हात वर करायच्या.

मी डोळे क्षणभर मिटले आणि स्टिअरिंगला खालनं धरलं.

बूड डावीकडे न्यायचंय, हात डावीकडे. थोडासाच, बोटभर. थांब. ज्या आरशात कॅरॅव्हॅन जास्त दिसायला लागली त्याच बाजूला स्टिअरिंग, की ती परत सरळ होते. हे मला नंतर त्या बाईंनी सांगितलं, पण हाताला आधीच कळलं होतं. सात मीटरचं धूड त्या आखूड ट्रॉलीपेक्षा किती शहाणं, विचार करायला वेळ देतं. अकरावा थोडक्यात गेला, बारावा मुद्दाम पुढे घेऊन सरळ केला (तोही मगवाल्याने मोजला, अन्याय आहे), तेराव्याला हात वर गेला आणि मी ब्रेक दाबला.

मघाशी धाकट्याला मेसेज केला, हौदाचा तो कोपरा अजून आहे का रे. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, तरी त्याचा फोन आला. म्हणाला, आहे, वर सिमेंट थापलंय. मग जरा थांबून म्हणाला, ते अण्णांनी थापलं नव्हतं, मी थापलं, अण्णा हात लावू देत नव्हते त्याला. का, ते त्यालाही माहीत नाही. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली, आता कुणाला विचारणार.

कॅरॅव्हॅन खुंटीपासून हातभर तिरकी उभी आहे. पाणपातळीतला बुडबुडा एका बाजूला गेलाय, सकाळी दुसऱ्या बाजूच्या चाकाखाली फळी सारावी लागेल. आज चारी कोपऱ्यांचे पाय खाली केले आणि सोडून दिलं. मगवाल्याचा दिवा अजून चालू आहे. मंगळवारी तो निघायच्या आत आम्ही निघू. पुढेच तर जायचंय.