आप्पांनी नाकारलेलं स्थळ

गेल्या आठवड्यात अमळनेरच्या एका जिनिंगच्या हिशेबखोलीत माझं लग्न मोडलं. मुलगी पाहिलेली नव्हती, बोलणी झालेली नव्हती, मला तर पत्ताही नव्हता. तरी मोडलं, आणि तेही डेटाबेस कनेक्शनच्या एका सेटिंगपायी.

काम चिल्लर होतं. शेतकऱ्यांच्या कापसाची थकबाकी काढणारी स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसच्या आतच ठेवलेला छोटा प्रोग्राम, पुण्याच्या सर्व्हरवर, मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये. तिला कॉल करणारा जावाचा प्रोग्राम इथे, मुनीमजींच्या कंप्युटरवर. होस्ट, पोर्ट ३३०६, युजर, पासवर्ड भरायचा आणि धुळ्याची बस धरायची. बाहेर मे महिना, आत एकच कूलर, आणि त्याचं तोंड मुनीमजींकडे.

शेजारच्या बाकावर आप्पा. टोपी, धोतर, हातात काटापावती. पैसे किती निघतात ते बघायला आलेले. त्यांनी आधी मलाच बघून घेतलं.

“नाव काय शे भाऊ तुन्हं?”

सांगितलं.

“लगीन व्हयनं का?”

“नाही अजून.”

बाक जरा जवळ सरकला. “मन्ही बहीननी पोर शे. बी.एस्सी. व्हयेल शे. पगार कितला शे तुले?”

पगार सांगायच्या आत पडदा लाल झाला. कनेक्शन लागलं होतं, कॉल मात्र फसला.

“हाई लाल काय शे?”

“परवानगी नाही म्हणतंय, आप्पा.”

“कसानी?”

कसानी हे मला आधी स्वतःलाच समजून घ्यायचं होतं. पुण्याच्या डेटाबेसवाल्याने आमच्या युजरला फक्त एक्झिक्यूटचा हक्क दिलेला. प्रोसिजर चालवा, आत डोकावू नका. पण जावाचा ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातला दुभाषा, कॉल करण्याआधी पॅरामीटर, म्हणजे प्रोसिजरशी देवाणघेवाण करायची माहिती, कोणते, कुठल्या प्रकारचे, आत जाणारे की बाहेर येणारे, हे प्रोसिजरची व्याख्या वाचून ठरवतो. वाचायला मिळालं नाही की अडून बसतो. मी आप्पांना म्हटलं, “चालवायची परवानगी आहे, आत काय आहे ते बघायची नाही.”

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हंजे सोयरीक करानी, पन घर देखानं नही?”

इतकं नेमकं मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही.

“मंग परवानगी कोन देस?”

“पुण्याचा एक माणूस.”

“मंग तुन्हा हातमा काय शे?”

बाक पुन्हा पूर्वीच्या जागी गेला.

पुण्याचा माणूस फोन उचलत नव्हता. उचलला तेव्हा म्हणाला, “माझ्याकडे तर चालतंय.” चालणारच! तो रूट युजरने चालवतो. सगळ्या किल्ल्या कमरेला लावून हिंडणाऱ्याला कुलपं कशी दिसणार? मायएसक्यूएल ८.०.२० पासून शो रूटीन नावाचा स्वतंत्र हक्क आलाय. तेवढा दिला तर व्याख्या वाचता येते, डेटाला धक्का लागत नाही. एका ओळीचं काम. पण त्याचं उत्तर ठरलेलं: “सिक्युरिटी आहे, मेल टाका.” मेल टाकायचा, आणि इथे शेतकरी पावती धरून बसलेला. हे सिक्युरिटीवाले कधी मे महिन्यात जिनिंगमध्ये येऊन बसत नाहीत, हीच तर मोठी सिक्युरिटी.

तेवढ्यात आप्पांनी दुसरा चौकशी आयोग नेमला. “तू इप्रोमा काबर नही?”

अमळनेरमध्ये कंप्युटरवाल्याला हा प्रश्न चुकत नाही. विप्रो १९४५ साली इथेच वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली. गावात अनेकांनी तिचे शेअर जपून ठेवले आणि गब्बर झाले. त्यामुळे माझ्यासारखा धुळ्याच्या छोट्या फर्मचा माणूस इथे जन्मजात नापास.

“पोरले आजून शिकनं शे,” आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. नकार. माझ्या तोंडावर, मी काही मागितलेलं नसताना.

राग आला, पण मग त्यांनी आपल्या मुलाचं सांगितलं. सहा एकर बागायती, निर्व्यसनी पोरगा, आणि मुलगी द्यायला कोणी तयार नाही, कारण शेती करतो. भाव वाढेल म्हणून मेपर्यंत कापूस घरात ठेवला, तो वाढला नाही. नाकारण्याची हौस त्यांनाही कुठेतरी भागवायची असणार. भागवा. पण माझ्यावर का?

एररच्याच मजकुरात शेवटी तोडगा लिहिलेला असतो, तो मी कनेक्शनच्या ओळीत चिकटवला: ‘नोअ‍ॅक्सेसटूप्रोसिजरबॉडीज’ बरोबर ‘ट्रू’. मग ड्रायव्हर व्याख्या मागत नाही. प्रत्येक पॅरामीटर अक्षरी आणि दुहेरी, म्हणजे जाणाराही आणि येणाराही, असं धरून चालतो. तारीख असो वा रक्कम, सगळी अक्षरंच. गावठी उपाय आहे, पण थकबाकी छापून आली.

आप्पांनी कागद डोळ्यांजवळ धरला, रक्कम दोनदा वाचली. मुनीमजी कूलरसमोरून म्हणाले, “पैसे पुढच्या आठवड्यात.”

आप्पा काही बोलले नाहीत. कागदाची घडी खिशात घातली, दारापर्यंत गेले, आणि वळून मला विचारलं, “तो पुनाना पोऱ्या, परवानगीवाला. त्याना नंबर शे का?”

मी नंबर लिहून दिला. त्याचं लग्न झालेलं आहे, दोन मुलं आहेत. ते काही आप्पांनी विचारलं नाही.