टोपी ‘काबुरु’, बूट ‘हाकु’

इंग्रजीतलं ‘वेअर’ हे क्रियापद कुणा आळशी माणसानं शोधलेलं असणार. डोक्यापासून तळपायापर्यंत काहीही चढवा, ‘वेअर’ तयारच. जपानीत असं भागत नाही. तिथं आधी पंचनामा: काय घालताय आणि कुठं? सदरा असेल तर ‘किरु’, विजार किंवा बूट ‘हाकु’, टोपी ‘काबुरु’, चष्मा ‘काकेरु’, हातमोजे ‘हामेरु’, टाय ‘शिमेरु’. यातली बरीचशी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सगळ्यात खालच्या, एन-५ पातळीला पाठ करून घेतात. सगळ्यात वरची एन-१ पास झालं तरी ती मानेवरून उतरत नाहीत.

मी पुण्यात बसून यंत्रांची इंग्रजी माहितीपुस्तकं जपानीत नेते. ‘हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि बूट घाला’ एवढ्या ओळीला मला घाम फुटतो. एजन्सी पैसे मोजते इंग्रजी शब्दांवर. म्हणजे राबायचं चार क्रियापदांसाठी आणि बिल लावायचं एका ‘वेअर’चं.

खरं तर मराठी माणसानं कुरकुरू नये. आपणही साडी नेसतो, फेटा बांधतो. ‘काकेरु’ तर आपलं ‘लावणे’च! चष्मा लावा, फोन लावा, कुलूप लावा, गजर लावा, कामाला वेळ लावा, सगळीकडे ‘काकेरु’ फिट्ट. हा शोध लागला तेव्हा मी आख्ख्या घराला चहा पाजला. तो निवायच्या आत कळलं, की दिवा लावायला ‘त्सुकेरु’, तेल लावायला ‘नुरु’, रोप लावायला ‘उएरु’. आणि दार लावायला? ‘शिमेरु’. टायवालंच.

सुटकेची एक वाट आहे: ‘चाकुयो सुरु’. हेल्मेटपासून बुटापर्यंत सगळ्याला चालतं, कारखान्याच्या पाटीवर शोभतं. पण मध्येच एजन्सी मुलांची गोष्ट पाठवते. त्यातली आजी नातवाला कानटोपी ‘चाकुयो’ करायला सांगू लागली, की ती आजी राहत नाही, सेफ्टी ऑफिसर होते.

परवा सीटबेल्टची ओळ आली. ‘शिमेरु’ टाइप केलं, तर संगणकानं कांजींची, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांची, यादी पुढं केली. एक पट्टा आवळणारी, एक दार लावणारी, एक गळा दाबणारी. उच्चार तिघींचा तोच. तेवढ्यात एजन्सीचा फोन: “मॅडम, झालं का? एकच तर ओळ आहे!”

तिसरीवर माझा कर्सर जरा जास्तच रेंगाळला.