वैयक्तिक शिक्षण आराखड्यातील दिव्यांगत्वाचा प्रवर्ग : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

शाळेने मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा (दिव्यांग मुलाला काय आणि कसे शिकवायचे याची लेखी योजना) केला तर त्यावर सही करू नका, असा एक संदेश सातारा आणि कोरेगाव तालुक्यांतील पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. त्यात चार कारणे दिली आहेत : अध्ययन अक्षमता म्हणजे मतिमंदत्वच, 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या मुलाला काहीही मिळत नाही, एकदा बसलेला शिक्का जन्मभर पुसत नाही, आणि पुढे मुलाला विशेष शाळेतच धाडतात. हा संदेश वाचून दोन आयांनी माझ्यासमोर सही करायचे टाळले, म्हणून विशेष शिक्षिका या नात्याने मी हे लिहिते आहे.

पहिले कारण सर्वांत घातक आहे, आणि त्या गैरसमजाला कायद्याच्या मांडणीनेही हातभार लावला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोन्हींची नोंद बौद्धिक अक्षमतेच्या, म्हणजे संदेशात ज्याला मतिमंदत्व म्हटले आहे त्याच्या, शीर्षकाखाली आहे. मात्र व्याख्या वाचली की फरक कळतो : अध्ययन अक्षमता म्हणजे बोली वा लेखी भाषेवर प्रक्रिया करण्यातील अडचण, जी वाचन, लेखन, शुद्धलेखन किंवा गणितात दिसते. माझ्याकडचा चौथीतला एक मुलगा ‘कमळ’ हा शब्द ‘मकळ’ असा लिहितो आणि पाच ओळींचा उतारा वाचताना घामाघूम होतो; पण तोच उतारा मी वाचून दाखवला की सगळी उत्तरे तोंडी देतो आणि वर ‘बाई, मग विहिरीचं पाणी आटलं कशानं?’ असे उताऱ्यात नसलेलेही विचारतो. त्याच्या आराखड्यात दिव्यांगत्वाच्या प्रवर्गाची, म्हणजे प्रकाराची, नोंद एका ओळीत संपते; उरलेल्या पानावर दिवाळीपर्यंत कोणती जोडाक्षरे घ्यायची, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील कागद कधी द्यायचा आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे तोंडी घ्यायची, हे लिहिले आहे.

40 टक्क्यांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. उच्च शिक्षणातील आणि सरकारी नोकरीतील आरक्षणासाठी ही अट खरीच आहे. परंतु परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख करणाऱ्या याच अधिनियमाच्या कलम 17 मध्ये ती अट नाही, आणि लेखनिकाची सुविधा केवळ 40 टक्क्यांवरील व्यक्तींपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या मुलीला थोडे कमी ऐकू येते, तिला पहिल्या बाकावर बसवण्यासाठी आणि बाईंनी फळ्याकडे तोंड करून न बोलण्यासाठी टक्केवारी कशाला लागते?

शिक्का जन्मभर राहतो, हेही खरे नाही. स्थितीत बदल संभवत असेल तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मुदतीचेच दिले जाते आणि मुदत संपल्यावर फेरतपासणी होते. आराखड्याचाही वेळोवेळी आढावा घेऊन साध्य झालेली उद्दिष्टे बदलायची असतात.

विशेष शाळेच्या सक्तीबद्दल कायद्याचे शब्दच पुरेसे आहेत. 6 ते 18 वयोगटातील, 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कलम 31 नुसार जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेथे ‘पसंतीच्या’ हा शब्द आहे. शिवाय कलम 16 नुसार शासनाने चालवलेल्या, अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, त्यामुळे आराखडा दाखवून कोणी दाखला काढून न्यायला सांगितले, तर तसे लेखी मागावे.