‘मॅन पेज सुधारणं हे काही खरं काम नव्हे’ म्हणे!

इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षातून दोनदा तरी फिरून येतो. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन दुरुस्त करणं हे योगदान नाही, ती रेझ्युमे फुगवायची युक्ती आहे. खरं काय ते कोडमध्येच असतं. डॉक्युमेंटेशनमधल्या चुकीनं कुणाचं काही बिघडत नाही. ते काम कुणालाही जमतं, आणि आता तर एआयच करून टाकेल. शेवटी टोमणा: म्हणूनच त्याचे कोणी पैसे देत नाही.

या वेळी तो मला भाच्यानं पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, खरंय का हे?’ त्याला लिनक्समध्ये काहीतरी करायचंय, आणि सुरुवात मॅन पेजपासून, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा आणि फंक्शनं समजावणाऱ्या मॅन्युअलच्या पानांपासून, कर असं मीच सांगितलं होतं. म्हणजे उत्तर देणं आलंच.

खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. 2020 च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टच्या (ओपन सोर्सला बदल पाठवणाऱ्यांना बक्षीस देणारा उपक्रम) टी-शर्टपायी लोकांनी दिसेल त्या प्रकल्पाच्या रीडमीत (प्रकल्पाची ओळख सांगणारी फाइल) ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असले शब्द घालून पाठवायचा सपाटा लावला. आयोजक डिजिटलओशनला महिना चालू असतानाच नियम बदलावे लागले: ज्या प्रकल्पांनी आपणहून होकार दिलाय, तिथलेच बदल धरले जातील. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रीडमीत स्वतःचं नाव टाकणाऱ्यांची रांग लागली, त्यात आपल्याकडची कॉलेजची पोरं पुष्कळ होती. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, वैतागले आणि ते योग्यच होतं. पण याला दुरुस्ती कशी म्हणायची? तिथे चुकलेलं काही नव्हतंच.

आता ‘चुकीनं कुणाचं बिघडत नाही’ याकडे वळू, कारण सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच आहे.

लिनक्सकडून रँडम आकडे घ्यायला दोन फाइली आहेत, /डेव्ह/रँडम आणि /डेव्ह/यूरँडम. त्यामागचा ड्रायव्हर थिओडोर त्सो यांनी 1994 साली लिहिला. पूर्वी या दोघींत फरक असा होता की पहिली फाइल कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जमलेल्या एन्ट्रॉपीचा (कीबोर्ड, माउस, डिस्क यांच्या हालचालींतून मिळणाऱ्या, आधी सांगता न येणाऱ्या माहितीचा) हिशेब ठेवायची आणि शिल्लक संपली की वाचणाऱ्याला थांबवून ठेवायची. दुसरी कधीच थांबवायची नाही. मागचं यंत्र जवळपास एकच, आणि एकदा त्याला पुरेसं बीज, म्हणजे सुरुवातीला लागणारी रँडम सामग्री, मिळालं की यूरँडममधून येणारे आकडे माहिती कुलूपबंद करायच्या किल्ल्या बनवायला उत्तम. मॅन पेज मात्र वर्षानुवर्षं सांगत होतं की यूरँडमवर तत्त्वतः हल्ला होऊ शकतो. तो कसा करायचा हे उघड साहित्यात कुठे नाही, पण असा हल्ला असूही शकेल. काळजी वाटत असेल तर /डेव्ह/रँडम वापरा. घरातल्या आजीनं ‘काही होणार नाही रे, पण तरी नकोच’ म्हणावं तसं. आणि सिक्युरिटीच्या बाबतीत ‘काळजी वाटत नाही’ असं लिहून द्यायची हिंमत कोणाची होणार?

या वाक्याचं कर्ज मी स्वतः फेडलंय. पंधराएक वर्षांपूर्वी मी जिथे नोकरीला होतो, तिथे एका व्हर्च्युअल मशीनवरचा टॉमकॅट (जावावर चालणारा वेब सर्व्हर) चालू व्हायला कधी दहा सेकंद घ्यायचा, तर कधी चार मिनिटं. लॉगमध्ये चूक म्हणून काही नाही. सीपीयू निवांत. माझा एक सहकारी दुसऱ्या टर्मिनलमध्ये अख्ख्या डिस्कवर ‘फाइंड’ ही फाइली शोधायची आज्ञा सोडायचा, आणि काय आश्चर्य, टॉमकॅट उठून बसायचा! आम्ही त्याला मांत्रिक म्हणायचो. प्रत्यक्षात टॉमकॅट सेशन आयडीसाठी जावाकडे रँडम आकडे मागत होता, जावा त्याचं बीज /डेव्ह/रँडममधून घेत होतं, आणि ना कीबोर्ड ना माउस अशा त्या मशीनवर एन्ट्रॉपी जमत नव्हती. डिस्क हलली की थोडी जमायची.

पुढे उपाय सापडला: जावाच्या स्टार्टअपच्या ओळीत ‘/डेव्ह/./यूरँडम’ असा पत्ता द्यायचा. मधलं टिंब बघा. फाइलच्या पत्त्यात त्याला काडीचा अर्थ नाही, त्यानं वाट बदलत नाही. पण ते नसेल, तर त्या वेळचं जावा ‘यूरँडम’ हा पत्ता ओळखायचं आणि बीजासाठी पुन्हा रँडमकडेच जायचं. म्हणून त्याला चकवायला टिंब. जगभरच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ते चिकटून बसलं. काही जणांनी तर यूरँडममधलेच आकडे रँडमच्या खात्यात भरणारा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) चालवला. उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात टाकून श्रीमंत व्हायचा प्रकार! कोड यात चालायचा तसाच चालत होता. लोकांना या वाटेला लावलं ते मॅन पेजमधल्या चार ओळींनी.

बरं, धोका खरंच नव्हता असंही नाही. तो दुसरीकडे होता. 2012 साली संशोधक नादिया हेनिंजर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या टीएलएस आणि एसएसएच (नेटवरचं संभाषण सुरक्षित ठेवायच्या पद्धती) किल्ल्या गोळा करून तपासल्या, तेव्हा 0.5 टक्के टीएलएस होस्टच्या आरएसए प्रायव्हेट की (गुप्त किल्ल्या) त्यांना नुसत्या गणितानं काढता आल्या. बहुतेक उपकरणं राउटर, फायरवॉल असली. पहिल्यांदा चालू होताच, यंत्राला बीज मिळायच्या आत त्यांनी यूरँडममधून आकडे उचलून किल्ल्या बनवल्या होत्या. म्हणजे सर्व्हर तासन्‌तास चालू राहिल्यावर जिथे भीती नव्हती तिथे मॅन्युअल भीती घालत होतं, आणि बूट होतानाचे जे काही क्षण खरोखर धोक्याचे होते ते त्या इशाऱ्याच्या सावलीत झाकले गेले. ही पोकळी भरायला 2014 मध्ये, कर्नल 3.17 पासून, ‘गेटरँडम’ हा सिस्टम कॉल (प्रोग्रामनं कर्नलकडे थेट काम मागायची सोय) आला. तो बीज मिळेपर्यंत एकदाच थांबतो, नंतर कधीच नाही. मॅन पेजची भाषा 2016 साली बदलली: रँडम ही जुनी सोय आहे, यूरँडम सगळीकडे पुरते, अपवाद फक्त बूटच्या सुरुवातीचा, तिथे गेटरँडम वापरा. आणि 2020 च्या 5.6 कर्नलमध्ये खुद्द /डेव्ह/रँडमनंही एकदा बीज मिळाल्यावर अडून बसणं सोडलं.

‘मग कोडच वाचा ना, सत्य तिथेच आहे.’ हे ऐकायला भारदस्त वाटतं. कोडवरून आज काय होतं ते कळतं. उद्याही तेच होईल असं वचन कोणी दिलंय का, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं.

‘क्लोज’ घ्या, फाइल बंद करायचा साधा सिस्टम कॉल. मध्येच सिग्नल आला आणि ‘ईइंटर’ ही एरर परत आली, तर पुन्हा क्लोज करायचं का? इतर कॉलच्या बाबतीत पुन्हा प्रयत्न करायची रीत आहे, म्हणून हात आपोआप तिकडेच जातो. पण लिनक्समध्ये एरर आली तरी डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला दिलेला नंबर) आधीच सुटलेला असतो. तेवढ्यात त्याच प्रोग्राममध्ये सोबत चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडनं नवी फाइल उघडून तोच नंबर मिळवला असेल, तर आपण बिनदिक्कत त्याची फाइल बंद करतो. असा बग महिन्यातून एकदा, तोही रात्री दोनला दिसतो. उलट एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्सवर अशा वेळी फाइल उघडीच राहते आणि पुन्हा क्लोज करावंच लागतं. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकानं बराच काळ हे मोकळं सोडलं होतं. लिनक्सचा कोड कितीही पारायणं करून वाचा, यातला एचपी-यूएक्सचा आणि पॉसिक्सचा भाग त्यात मिळणार नाही. तो क्लोजच्या मॅन पेजमध्ये आहे, कारण कोणीतरी बसून तो तिथे लिहिला.

सी भाषेतल्या, मजकूर उतरवून घेणाऱ्या ‘स्ट्रएनकॉपी’ फंक्शनची गोष्ट तशीच. कोड चार ओळींचा: एन अक्षरं उतरव, मजकूर आधी संपला तर उरलेल्या जागेत शून्यं भर. मजकूर जागेइतका किंवा जास्त असेल, तर मजकूर संपल्याची खूण असलेलं शून्य शेवटी येतच नाही. सहा बाइटच्या जागेत इंग्रजी स्पेलिंगनं ‘नाशिक’ उतरवा, अक्षरं बरोबर सहा, आणि वाचणारा पुढच्याच्या अंगणात घुसतो. हे असं विचित्र का? कारण जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतल्या फाइलच्या नावाला ठरावीक 14 बाइटची जागा असायची, आणि हे फंक्शन अशा पक्क्या मापाच्या रकान्यांसाठीचं आहे. ‘सुरक्षित कॉपी’ म्हणून ते बनलंच नव्हतं. कोड पूर्ण बरोबर आहे. तो कशासाठी आहे, हे मात्र त्यातून दिसत नाही. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आता ते टाळायच्या फंक्शनांच्या यादीत आहे.

‘कुणालाही जमतं’ म्हणणाऱ्यानं एकदा मॅन-पेजेस प्रकल्पाला पॅच (सुचवलेला बदल) पाठवून बघावा. मी पाठवला होता. एका सिस्टम कॉलच्या पानावर मला प्रत्यक्षात आलेला एरर कोड नव्हता. बदल दोन ओळींचा. उत्तरात प्रश्न आला: हे कोणत्या कर्नलपासून? दोन संध्याकाळी गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) इतिहास उपसला, वीसेक ओळींचा सी प्रोग्राम लिहिला, जुन्या आणि नव्या अशा दोन कर्नलवर चालवून तो निकाल कमिट मेसेजमध्ये घातला. मग दुसरी हरकत: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, म्हणजे पुढे कोणी एकच वाक्य बदललं तर डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत) तेवढंच दिसेल. तेव्हा मला ही कटकट वाटली होती. आज माझ्या मराठी मजकुरालाही मी तीच सवय लावलीये.

लिनक्समध्ये हे जास्त अवघड आहे, कारण कर्नल एकीकडे आणि मॅन-पेजेस हा प्रकल्प दुसरीकडे. कर्नलमध्ये वागणूक बदलली म्हणून पान आपोआप बदलत नाही, कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये कर्नल, सी लायब्ररी आणि मॅन्युअल एकाच सोर्स ट्रीमध्ये असतं, आणि मॅन पेजमधली चूक हा तिथे सरळ बग मानला जातो. तिथली पानं इतकी विश्वासार्ह का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

एआयबद्दल फार लिहीत नाही. यूरँडमविषयीचं ते जुनं वाक्य किती ठिकाणी नकलून ठेवलंय हे बघा, आणि असल्या मजकुरावर शिकलेलं यंत्र काय सांगेल याचा अंदाज करा. दोन कर्नलवर प्रोग्राम चालवून बघायचं काम उरतंच, मग ते कोणीही करो.

राहिला पैशांचा टोमणा. हा बराचसा खरा आहे, आणि म्हणूनच लाजिरवाणा. लिनक्स मॅन-पेजेस प्रकल्प 1993 पासून चालू आहे. मायकेल केरिस्क यांनी 2004 पासून तो दीड दशकाहून जास्त काळ सांभाळला, त्यानंतर अलेहांद्रो कोलोमार यांनी. सप्टेंबर 2024 मध्ये कोलोमार यांनी जाहीर केलं की गेली चार वर्षं हे काम मी स्वतःच्या वेळात, बिनपैशांचं करतोय, आता परवडत नाही, थांबतो. ज्यांचा धंदा लिनक्सवर उभा आहे अशा काही कंपन्यांना तेव्हा जाग आली, लिनक्स फाउंडेशनमार्फत पैशांची सोय झाली, आणि काही आठवड्यांत ते कामावर परतले. म्हणजे ‘कोणी पैसे देत नाही’ हे 2024 च्या शरदापर्यंत बऱ्याच अंशी बरोबर होतं. मेसेज तेवढा दुरुस्त करून पुढे पाठव, असं भाच्याला कळवलंय.