लर्चर उंदरात दोष नेमका कुठे?

लर्चर उंदरावरच्या (जनुकीय बदलामुळे झोकांड्या खात चालणारा प्रयोगशाळेतला उंदीर) लेखात त्याच्या अनुमस्तिष्कातल्या (शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग) सगळ्याच पेशी ‘जनुकीय दोषामुळे मरतात’ असं सरसकट म्हटलंय, ते पटलं नाही. दोष मुळात पर्किंजे पेशींचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चेतापेशींचा. त्यांच्यातल्या ग्लुटामेट-रिसेप्टरसारख्या (ग्लुटामेट हा मेंदूतला संदेशवाहक रेणू पकडणाऱ्या प्रथिनासारख्या) एका प्रथिनात बिघाड होतो (हे १९९७ मध्ये कळलं) आणि त्याची वाहिनी, म्हणजे पेशीत शिरायचं दार, सताड उघडीच राहते. आयन (विद्युतभारित कण) आत येतच राहतात, पेशी संपते. ग्रॅन्यूल पेशी (तिथल्याच लहान चेतापेशी) बिचाऱ्या निरोगी, पण ज्यांच्याशी जोडणी करायची त्या पर्किंजेच उरत नाहीत, म्हणून त्याही मागोमाग जातात. निरोगी आणि लर्चर भ्रूणांच्या पेशी मिसळून वाढवलेल्या उंदरांत हे स्पष्ट दिसलं: निरोगी वंशाच्या पर्किंजे पेशी टिकल्या, लर्चर वंशाच्या गेल्या. वीव्हर या वेगळ्या जनुकीय दोषाच्या उंदरात मात्र ग्रॅन्यूल पेशी स्वतःच्याच दोषाने मरतात. चालताना दोघेही झोकांड्या खातात, म्हणून कारणही एकच मानायचं का?