विषयाची ओळ

मार्केटिंगवाल्याने क्लायंटला पाठवायचा मेल कट्ट्यावर मोठ्याने वाचायला घेतला. "तुमच्या यशाच्या वाटचालीतले आम्ही सहप्रवासी..."

"थांब," वकील म्हणाला. "तुला त्याच्याकडून हवंय काय?"

"गुरुवारपर्यंत मसुद्याला होकार."

"ते कुठंय?"

चौथ्या परिच्छेदात होतं. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'एक नवी सुरुवात!'

"अरे, ढीगभर मेल येतात लोकांना. जरा हटके नको?" त्याचंही खोटं नव्हतं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणत सुरू होणारं पत्र आपण तरी कुठे शेवटपर्यंत वाचतो?

मास्तर मानसशास्त्र शिकवतात, त्यांनी लगेच जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ काढली. एकसारख्या गोष्टींच्या यादीत एखादीच वेगळी असेल तर ती जास्त लक्षात राहते, हे तिने १९३३ मध्ये मांडलं. "पण बाकीच्या साध्या असतात म्हणून! तू प्रत्येक ओळ नटवलीयस. आता उठून काय दिसणार?"

इंजिनियर इतका वेळ गप्प होता. "फाइनमनने, त्या भौतिकशास्त्रज्ञाने, काय केलं आठवतंय? चॅलेंजर अवकाशयान कोसळलं, १९८६ ला. चौकशीच्या सुनावणीत त्याने रॉकेटचे सांधे सील करणाऱ्या रबरी रिंगचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबला आणि बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून क्लॅम्प सोडला, तर रबर लगेच मूळ आकारात येईना. थंडीत ते सील का दगा देतं, सगळ्यांना समोर दिसलं. ना विशेषणं, ना उद्गारचिन्हं."

"बघ! नाट्यच केलं ना त्याने?" मार्केटिंगवाला उसळला.

"केलं, पण मुद्द्याचंच केलं. रबर बाजूला ठेवून नुसता पेला हलवला नाही."

इथे वकिलाने खरी पाचर मारली. चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर थंडीत उडवू नका असंच सांगत होते, तक्ते दाखवून. वरिष्ठांनी ऐकलं नाही. "मग दोष मांडणीचा की ऐकणाऱ्यांचा?"

"दोन्हींचा," मास्तर म्हणाले. मला हे उत्तर जरा गुळमुळीत वाटलं. तेरा तक्त्यांत धोका विखुरला होता हे खरं, पण 'उडवू नका' यापेक्षा स्पष्ट आणखी काय बोलायचं? वरून दडपण असेल तिथे शब्दांची कारागिरी फार पुरत नाही.

"आपल्या क्लायंटवर कसलं दडपण नाहीये," मार्केटिंगवाला म्हणाला आणि खोडायला लागला. सहप्रवासी गेले. विषयात आलं: 'मसुदा: गुरुवार दुपारपर्यंत तुमचा होकार हवा.'

"'नवी सुरुवात' शेवटी ठेवू?"

"एकदाच," मास्तर म्हणाले. "आणि उद्गारचिन्ह काढ."